‘गूढ प्रकाश’ जरूर छापा, पण घड्याळ बघून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शहर पानावर आकाशात ओळीने सरकणाऱ्या दिव्यांची चौकट आली होती. कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरायला आलेल्या मंडळींनी ते दिवे मोबाईलवर टिपले आणि जेवणं उरकायच्या आत गावभर व्हॉट्सॲपवर उडती तबकडी उतरली. इथवर ठीक. पण चौकटीच्या शेवटी एक वाक्य होते, की शहरातल्या काही हॅम रेडिओवाल्यांना अशा तबकड्यांकडून संदेश मिळत असल्याची चर्चा आहे. मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक आहे, त्यामुळे ही चर्चा माझ्याच दारात आली आहे.

संदेश मिळत नाहीत. मिळाले असते तर आम्ही गप्प बसलो असतो का? मध्यरात्री ब्राझीलचे एखादे स्टेशन पुसटसे लागले तरी दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दहा जणांना सांगून होणारी ही जमात. मंगळ लागला असता तर भवानी मंडपात फलक लागला असता.

परग्रहवासी आणि तबकड्या या विषयाचे हॅम मंडळींना आकर्षण आहे, हे मात्र खरे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्यांना हॅम म्हणजे काय हेच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या रेडिओ संचावरून जगभरच्या तशाच हौशी लोकांशी बोलणारा तो हॅम. आपल्याकडच्या बहुतेकांची कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारे ओळखनाव, व्हीयू २ किंवा व्हीयू ३ ने सुरू होते. व्यापारी निरोप, गाणी, प्रसारण यातले काही चालत नाही. २००१ च्या भूज भूकंपात फोन बंद पडले तेव्हा हे ‘रिकामटेकडे’ उपयोगी पडले. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचा हॅमचा चमू योगायोगाने अंदमानातच होता, आणि तिथली खबर मुख्य भूमीवर पोहोचवायला त्यांचाच संच कामी आला.

आता आकर्षणाचे मूळ. १९२७ साली नॉर्वेतल्या यॉर्गन हाल्स नावाच्या अभियंत्याला हॉलंडच्या लघुलहरी केंद्राचे संकेत ऐकताना एक विचित्र गोष्ट जाणवली. प्रत्येक संकेतानंतर सुमारे तीन सेकंदांनी त्याचाच प्रतिध्वनी येत होता. रेडिओ लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. पृथ्वीला पूर्ण वळसा घालायला तिला सेकंदाचा सातवा हिस्सासुद्धा पुरतो. मग तीन सेकंद ती होती कुठे? जाऊन-येऊन तीन सेकंद म्हणजे एका बाजूचे अंतर साडेचार लाख किलोमीटर, आणि चंद्र तर सरासरी पावणेचार लाखांच्या थोडा पलीकडे आहे. पुढच्या वर्षी मुद्दाम प्रयोग केले तेव्हा पंधरा सेकंदांपर्यंतचे प्रतिध्वनी नोंदले गेले. नंतर अनेक हॅमना स्वतःच्याच मोर्सचे, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतांचे, असे उशिरा परतलेले सूर ऐकू आल्याच्या नोंदी आहेत. १९६० मध्ये रोनाल्ड ब्रेसवेल या शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. दुसऱ्या एखाद्या संस्कृतीने आपल्या सूर्यमालेत यान ठेवले असेल आणि ओळख द्यायची म्हणून ते आपलेच संकेत आपल्याला परत ऐकवत असेल तर? १९७३ मध्ये डंकन ल्युनन यांनी त्या जुन्या नोंदींचा आलेख मांडला आणि त्यात त्यांना भूतप तारकासमूह दिसला, म्हणजे जणू त्या यानाच्या गावाचा पत्ताच. ते काही टिकले नाही. या प्रतिध्वनींची कारणे बहुधा पृथ्वीभोवतीच्या विद्युतभारित थरांतच आहेत असे मानतात, पण सर्वांना पटेल असा एकच खुलासा अजून झालेला नाही. रात्री दोन वाजता कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या माणसाला हा विषय चिकटणार नाही तर काय होणार?

आणखी एक. अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचे आकाश-नकाशे पहिल्यांदा काढले ते कुठल्या वेधशाळेने नव्हे. अमेरिकेतल्या ग्रोट रेबर या हॅमने १९३७ मध्ये आपल्या घरामागच्या आवारात सुमारे नऊ मीटर व्यासाची थाळीसारखी अँटेना स्वतः उभारली आणि काही वर्षे जगात रेडिओ खगोलशास्त्र करणारा जवळपास तो एकटाच होता. आज नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना उभ्या आहेत. त्या घराण्याचा मूळपुरुष हौशीच.

तेव्हा आमची हौस तबकड्यांची आहे, हे कबूल. पण ती हौस लॉगबुकासकट आहे. संपर्क झाला की तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याची कॉलसाइन, संकेत किती स्पष्ट आणि किती जोरात, हे सगळे लिहायचे. वेळसुद्धा जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. नोंद नाही तर संपर्क झालाच नाही असे आम्ही धरतो. माझी तक्रार नेमकी इथे आहे. आपल्या चौकटीत दिवे होते, घबराट होती, ‘नागरिकांत उलटसुलट चर्चा’ होती. वेळ मात्र ‘रात्रीच्या सुमारास’ एवढीच. दिशा नाही, किती वेळ दिसले ते नाही. इतक्या सामग्रीवर आम्हीच काय, नासानेही काही सांगू नये. नासाच्या समितीने २०२३ च्या सप्टेंबरात या विषयावर अहवाल दिला, त्यातले मुख्य रडगाणेही हेच होते, की निरीक्षणे पुष्कळ पण धड नोंदी नाहीत.

वेळ कळली की काय होते ते एका उदाहरणावरून सांगतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीला फेरी मारते. त्यावर हॅम संच आहे. त्याचे ऐकायला माझ्याकडे जी अँटेना आहे ती लक्ष्मीपुरीतून आणलेल्या पीव्हीसी पाइपवर पोलादी मोजपट्टीचे तुकडे बसवून केलेली. होय, सुतार वापरतो तीच पिवळी टेप. वाकली तरी परत ताठ होते म्हणून हॅम लोकांची आवडती. संध्याकाळी गच्चीवर उभे राहून ती वायव्येकडे, जोतिबाच्या डोंगराच्या अंगाला धरायची. स्थानक क्षितिजावर आले की १४५.८२५ मेगाहर्ट्झवर खर्र, खर्र असे तुटक आवाज सुरू होतात. स्थानक जवळ येत असताना फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झने वर, लांब जाताना तितकीच खाली. रेल्वेची शिटी फाटकावरून जाताना सूर बदलते तसेच. दरम्यान डोळ्यांना दिसतो तो न लुकलुकणारा, ठळक, आवाज न करणारा दिवा. आणि मग आकाशाच्या मध्यावरून पूर्वेकडे उतरताना तो दिवा एकाएकी विझतो. खाली रस्त्यावरचा माणूस म्हणतो, ‘बघता बघता गायब झालं!’ माझ्या कानात मात्र खरखर पुढची दोन-तीन मिनिटे चालूच असते. स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलेले असते, इतकेच. कधी कधी त्यावरून चित्रेही पाठवतात; एकेक चित्र उतरायला दोन-दोन मिनिटे लागतात आणि त्या वेळी येणारा टुर्र-टिर्र असा चढउतारी आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नक्कीच परग्रहावरचा वाटेल. ‘संदेश मिळतात’ ही अफवा कोणाच्या तरी गच्चीवरच्या त्या आवाजातून निघाली असावी असा माझा संशय आहे.

रंकाळ्यावर दिसलेली ओळ बहुधा इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांची असावी. २०१९ च्या मे महिन्यात असे पहिले साठ उपग्रह एकदम सोडले, तेव्हापासून जगभर ही ‘आगगाडी’ दिसते. सोडल्यावर काही दिवस ते एकामागोमाग ओळीत असतात, मग पांगतात. ‘बहुधा’ म्हणतो, कारण वेळ छापलेली नाही. वेळ असती तर कुठली तुकडी होती हेही काढता आले असते.

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवत असेल. गुढीपाडवा होता. विदर्भात आणि मध्य प्रदेशात लोकांनी आकाशात जळत जाणारे तुकडे पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे येऊन पडले. त्या रात्री उल्का, क्षेपणास्त्र, तबकडी, सगळे झाले. उल्का बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत संपते, कारण ती सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगाने आत घुसते. हे तुकडे सावकाश, आडवे आणि बराच वेळ जात होते. कक्षेतून खाली येणारे यंत्र जास्तीत जास्त आठ किलोमीटरच्या आसपास वेग घेऊन येते. म्हणजे नुसते ‘किती वेळ दिसले’ एवढे विचारले असते तरी उल्का बाद झाली असती. पुढे उपग्रहांचा मागोवा घेणाऱ्यांनी वेळ आणि मार्ग जुळवून हे चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असे सांगितले.

कोल्हापूरचे म्हणाल तर आपल्या आकाशातली निम्मी गूढता आपणच वर पाठवतो. लग्नातले ड्रोन, दिवाळीत सोडलेले कागदी कंदील, आणि मिरवणुकीतल्या शार्पी, म्हणजे आकाशात फिरणारे प्रखर झोतदिवे. भाद्रपदात ढग खाली असतात. त्यांच्या पोटावर शार्पीचा झोत पडला की दहा किलोमीटरवरच्या गावात ढगात गरगरणारे गोल दिसतात. मिरवणुकीत नाचणाऱ्याला ते दिसतही नाहीत. उजळाईवाडीच्या धावपट्टीकडे उतरणारे विमान नेमके आपल्या रोखाने येत असेल तर त्याचा दिवा मिनिटभर जागचा हलत नाही, मग एकदम बाजूला सरकतो. आणि सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसणारी शुक्राची चांदणी तर या खात्यातली सगळ्यात जुनी आरोपी.

एवढे वजा करूनही काही उरते, हे मी मानतो. अमेरिकी हवाई दलाने १९६९ पर्यंत तबकड्यांचा तपास करणाऱ्या ब्लू बुक प्रकल्पात १२,६१८ घटना नोंदल्या, त्यातल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. हसण्यावारी नेणारे ७०१ हा आकडा सांगत नाहीत, भक्त मंडळी १२,६१८ सांगत नाहीत. १५ ऑगस्ट १९७७ ला ओहायोतल्या बिग इअर या रेडिओ दुर्बिणीवर अवकाशातून १४२० मेगाहर्ट्झच्या जवळ आलेला बहात्तर सेकंदांचा तो प्रसिद्ध ‘वाव’ संकेत पुन्हा कधी आला नाही. तरी आजही त्यावर शोधनिबंध निघतात, कारण त्याची तीव्रता, वेळ, दिशा कागदावर छापलेली आहे. रंकाळ्याचे दिवे दुसऱ्या दिवशीच्या रद्दीबरोबर गेले.

आणि नोंद कशी ठेवतात हे कोल्हापूरच्या पत्रकारांना मी सांगायला नको. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस अंबाबाईचा किरणोत्सव असतो तेव्हा आपलाच बातमीदार किरण महाद्वारातून किती वाजता आत आले, चरणांना कधी लागले, कंबरेपर्यंत चढले की ढगाने अडवले, हे मिनिटामिनिटाने लिहितो. त्याच बातमीदाराने रंकाळ्यावरच्या माणसाला विचारावे: किती वाजून किती मिनिटांनी? कुठून कुठे गेले? किती वेळ? लुकलुकत होते का, आवाज होता का? उंची सांगता येत नसेल तर हात लांब करून मूठ क्षितिजावर धरायला सांगावी. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. बातमी दोन ओळींनीच वाढेल. आणि दुसऱ्या दिवशी खुलासा मिळाला तर तोही त्याच पानावर, त्याच मापात यावा. शेवटच्या पानाच्या तळाशी नको.

विचारायला माणसेही गावातच आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे रडार १९९९ पासून आहे. सुमारे १.९८ मेगाहर्ट्झवर चालणारे हे रडार ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरचे वारे मोजते, म्हणजे उल्का जिथे जळतात साधारण तिथलेच. पन्हाळ्यावर विद्यापीठाचे अवकाश संशोधन केंद्र आहे. इतके सगळे हाताशी असताना आपण प्रतिक्रिया कोणाची छापली? नाव न सांगण्याच्या अटीवर बोलणाऱ्या एका ‘अभ्यासका’ची.

जाता जाता शेजाऱ्यांसाठी. माझ्या गच्चीवरचा तारांचा सांगाडा मोबाईल टॉवर नाही, त्याने कोणाचे केस गळत नाहीत आणि चिमण्याही त्यावरच बसतात. उलट तुमच्या स्वस्तातल्या एलईडी माळा आणि चार्जर ७ मेगाहर्ट्झवर अशी कर्कश घरघर करतात की गणपतीच्या दहा दिवसांत माझे लॉगबुक जवळजवळ कोरे राहते. त्याबद्दल मी कधी वर्तमानपत्रात ‘चर्चा’ केलेली नाही.

पुढच्या वेळी दिवे दिसले तर वेळ आणि दिशा तेवढी घेऊन ठेवावी. कुठला उपग्रह होता किंवा कुठलाच नव्हता, हे त्याच रात्री काढून द्यायला मी आणि माझे दोन-तीन मित्र तयार आहोत. फक्त सकाळी सात ते आठ फोन करू नये. त्या वेळी आम्ही चाळीस मीटरवर, म्हणजे त्याच ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, गप्पा मारत असतो.

आपला,
एक हॅम रेडिओचालक
शिवाजी पेठ, कोल्हापूर