चौथ्या मजल्यावरच्या ताईंचे जाहीर आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

समोर भेटलात की आभाराचा विषय तुम्ही हसून टाळता, म्हणून हे चार शब्द सर्वांदेखत लिहीत आहे. या पावसाळ्यात तुम्ही तुमच्या कपाटातले तीन खेळ आम्हाला आणून दिलेत आणि शनिवारची संध्याकाळ मोडून, स्वतः शेजारी बसून ते शिकवलेत, त्याबद्दल आमचे घर तुमचे ऋणी आहे.

आमच्याकडे पत्ते म्हणजे मेंढीकोट, आणि मेंढीकोट म्हणजे आप्पा. माझे सासरे ऐंशीच्या घरात असले तरी कोणाकडून कोणते पान पडले ते त्यांना तोंडपाठ असते, आणि भिडूची उतारी चुकली की त्याची हजेरी तिथल्या तिथेच घेतली जाते. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या जागरणात माझ्या मुलाने रडवेला होऊन पाने खाली टाकली, त्यानंतर त्याने पत्त्यांना हात लावला नव्हता. सगळ्यांनी मिळून जिंकायचे किंवा मिळून हरायचे, असा खेळ तुम्ही सुचवलात तेव्हा मला तो बालवाडीतला प्रकार वाटला होता, हे आज कबूल करते.

मॅट लीकॉक यांनी रचलेल्या 'पँडेमिक' या रोगांच्या साथी आवरायच्या पटावरच्या खेळाने तो समज पहिल्याच दिवशी घालवला. पटावर 48 शहरे, चार रोग, आणि आठवा उद्रेक झाला की सगळेच हरले! आप्पांचे पहिले भांडण नकाशाशी झाले, कारण तिथे मुंबईहून कराची, दिल्ली आणि चेन्नई अशा तीनच वाटा निघतात. "कलकत्ता मेल बंद पडली काय?" असे त्यांनी तुम्हालाच विचारले होते. मुंबईवर रोगाचे काळे ठोकळे साचू लागले तसा त्यांनी 1896 चा प्लेग काढला; त्या साथीनंतर शहर सुधारण्यासाठी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखल्यामुळे आपल्या दादर-माटुंग्याच्या गल्ल्या अशा सरळ आहेत, हे माझ्या मुलाला तेव्हा प्रथमच कळले. पण चाल कोणाचीही असो, ती ठरवत होते आप्पाच, आणि तासाभरात मुलाचे डोळे मोबाइलकडे वळले. तुम्ही ते पाहिलेत, बोलला मात्र काही नाहीत, आणि पुढच्या शनिवारी 'हनाबी' हा पत्त्यांचा खेळ घेऊन आलात.

त्या निवडीसाठी मी तुमची विशेष आभारी आहे. 'हनाबी'त प्रत्येक रंगाची एक ते पाच पाने सगळ्यांनी मिळून क्रमाने लावायची, म्हणजे त्या रंगाची आतषबाजी पुरी होते; पण आपली पाने इतरांना दिसतात, आपल्याला दिसत नाहीत, आणि दुसऱ्याला एका वेळी एक रंग किंवा एक आकडा एवढाच इशारा देता येतो. जन्मभर पाने छातीशी धरलेल्या आप्पांनी पहिल्या डावात सवयीने दोनदा ती स्वतःकडे वळवली. मग एका पानावर अंगठा ठेवून ते टाकून देण्याच्या बेतात असताना, आपली पाळी येताच मुलगा म्हणाला, "आजोबा, हे पाच आहे." प्रत्येक रंगात पाचाचे पान एकच असते, ते गेले की त्या रंगाची आतषबाजी अपुरीच राहते. आप्पांनी काही न बोलता ते पान सर्वांत डावीकडे सरकवले आणि रंग माहीत नसताना डाव संपत येईपर्यंत सांभाळले. ते पांढरे पाच निघाले. 25 पैकी आमचे गुण झाले 18, आणि पुन्हा पाने पिसायला घेतली ती माझ्या मुलाने.

तिसरा खेळ 'द क्रू', तोही पत्त्यांचाच; त्याबद्दल थोडक्यात सांगते. उतारी, हुकूम, हात हे सगळे ओळखीचे असल्यामुळे आप्पा खुशीत होते. पण नेमलेले पान नेमलेल्या भिडूच्याच हातात जायला हवे, म्हणजे प्रसंगी मोठे पान दाबून ठेवायचे, हे त्यांना अजून जड जाते. बोलायची मुभा नसल्याने ते आता भुवयांनी बोलतात, आणि तेही नियमाबाहेर आहे असे मुलगा त्यांना बजावतो.

तिन्ही डबे येत्या रविवारी वर आणून देते. 'हनाबी'तली इशाऱ्याची एक चकती मात्र सापडत नाही. आठाच्या सात झाल्या म्हणून आप्पांनी त्यांच्या जुन्या कोटाचे बटण तिच्या जागी ठेवले आहे. चकती मिळेपर्यंत ते राहू द्यावे, ही विनंती.

आपली,
तळमजल्यावरची शेजारीण