माळीकाका, तीन मीटरांबद्दल आभार

आदरणीय माळीकाकांस,
स. न. वि. वि.

हे पत्र उघड लिहितोय, कारण तुम्ही जे करून दिलंत ते इतर मैदानांवरच्या मंडळींच्याही कामाचं आहे. पालिकेच्या कुठल्याही मैदानावर जा. क्रिकेटवाले फुटबॉलवाल्यांच्या नावानं बोटं मोडत असतात, फुटबॉलवाल्यांचा राग खो-खोच्या खांबांवर असतो, आणि कबड्डीवाल्यांना कोणी विचारतच नाही. आपल्याकडे काही वेगळं नव्हतं. अर्ज, त्यावर उलट अर्ज, नगरसेवकाकडे शिष्टमंडळ, सगळं होऊन गेलं होतं आणि प्रत्येक अर्जात मागणी वेळेची होती. तुम्ही वेळापत्रकाला हातच लावला नाहीत. आधी पन्नास मीटरची टेप मागवलीत, मग गवंड्याकडची लेव्हलची नळी.

टेपेनं पहिली गाठ सुटली. मैदान उत्तर-दक्षिण १२० मीटर, पूर्व-पश्चिम ११०. मधोमध क्रिकेटचा स्क्वेअर, म्हणजे विकेटसाठी दोरी लावून राखलेला चौकोन, दोरीपासून दोरीपर्यंत १२ मीटर रुंद. त्याच्या पूर्वेला दोरीपासून तीन आणि कुंपणापासून तीन मीटर मोकळे सोडले, तर फुटबॉलला उरत होते ४३ मीटर. नियमानं मैदानाची रुंदी किमान ४५ लागते. या दोन मीटरांपायी फुटबॉलची रेषा दर मोसमात स्क्वेअरमध्ये घुसायची आणि दर मोसमात दोरी तोडली म्हणून बोंब व्हायची. दोरी तोडायची हौस कोणालाच नव्हती. मैदान बसतच नव्हतं, हे कोणी मोजून पाहिलं नव्हतं इतकंच.

विकेटची, म्हणजे खेळपट्टीची, रुंदी दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर. स्क्वेअरमध्ये अशा तीन विकेट शेजारी-शेजारी. तुम्ही म्हणालात, पूर्वेकडची विकेट काढा, पश्चिमेला नवी करा. स्क्वेअर तीन मीटर सरकला, फुटबॉलला ४६ मीटर मिळाले, क्रिकेटच्या विकेट तीनच्या तीन राहिल्या. गणित चौथीतल्या पोराचं आहे, पण ते सुचायला विकेटची रुंदी हाताला माहीत असावी लागते.

नव्या विकेटचं काम तुम्ही ज्या क्रमानं करून घेतलंत तो इथे लिहून ठेवतो. नऊ इंच खणायचं, तळाला तीन इंच मुरूम, वर सहा इंच काळी माती. लांबी साडेबावीस मीटर धरली, म्हणजे क्रीजच्या मागेही थोडी भक्कम जागा मिळते. दाबून बसलेली माती साडेतीन ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आसपास लागते, पण सैल माती दबते, म्हणून हिशेब पाच ब्रासचा. जुन्या विकेटची माती चाळून परत वापरल्यामुळे विकत फार थोडी आणावी लागली. माती एकदम ओतायची नाही. दोन-दोन इंचांचे थर, प्रत्येक थर भिजवून, वाफशावर आला (ना चिखल, ना कोरडा) की हलका रोलर, आणि पुढचा थर टाकण्याआधी दाताळ्यानं पृष्ठभाग ओरखडायचा. हे ओरखडणं चुकलं की थर एकमेकांना धरत नाहीत, पापुद्रे सुटतात. विकेट वरून टणक दिसते आणि चेंडू गुडघ्याच्या वर येत नाही.

दुसरी गाठ पाण्याची. रविवारच्या सामन्यासाठी विकेट मंगळवारी भिजवतात. बुधवारी-गुरुवारी वाफसा येतो, तेव्हा रोलर. त्याच्या आधी फिरवला तर माती रोलरला चिकटून उचलली जाते, उशीर झाला तर रोलर फिरतो पण माती दबत नाही. शुक्रवार-शनिवार सुकवायचं, शनिवारी कोरड्यावर जड रोलर. किल्ली टोचून पाहायची, टोक आत शिरलं नाही तर विकेट तयार. आणि नेमकं शनिवारी संध्याकाळी वायव्य कोपऱ्यात खो-खो आणि कबड्डीवाले धूळ बसवायला पाणी मारायचे. रविवारी सकाळी विकेटच्या उत्तरेकडच्या टोकाला ओल, एक चेंडू छातीवर तर पुढचा पायाशी. क्रिकेटवाल्यांचं म्हणणं ठरलेलं होतं: मुद्दाम करतात.

तुम्ही लेव्हलची नळी धरली. चाळीस मीटरात १८ सेंटीमीटर उतार, तोही थेट स्क्वेअरकडे. मग चर आखून दिलात: स्क्वेअरच्या वायव्येला, एक वीत रुंद, एक वीत खोल, आत खडी, वर दोन बोटं जाड वाळू, जमिनीशी सपाट. उघडा चर ठेवला असता तर क्षेत्ररक्षकाचा घोटा गेला असता. चराचं तोंड कुंपणाच्या गटाराकडे. पाणी आता शनिवारीही मारतात, फक्त टाकीच्या नळाऐवजी झारीनं. धूळ बसायला तेवढं पुरतं.

बुटांच्या खिळ्यांचं तुम्ही दाखवलंत तेही लिहायला हवं, कारण ते समजावून सांगूनही पटत नव्हतं. ओल्या काळ्या मातीत खिळा अर्धा इंच आत जातो. वरून रोलर फिरवला की भोक बुजल्यासारखं दिसतं, पण खाली पोकळी राहते. तुम्ही करवतीच्या पात्यानं विटेएवढा तुकडा कापून काढलात आणि आडवा धरलात. वर कुळकुळीत सपाट, खाली छोट्या पोकळ्यांची रांग. तो तुकडा कितीतरी दिवस तंबूतल्या कपाटावर होता. फुटबॉलच्या पोरांनी तो हातात घेऊन पाहिला, त्यानंतर दोरी कोणी ओलांडली नाही. (मुंबईत एस्प्लनेड मैदानावर १८८० च्या दशकात पारशी क्रिकेटपटूंची तक्रार याच जातीची होती, फक्त तिथे खिळ्यांऐवजी गोऱ्या साहेबांच्या पोलोच्या घोड्यांचे खूर होते आणि गाऱ्हाणं गव्हर्नरापर्यंत गेलं होतं.)

खो-खोचे खांब ही धोक्याची बाब होती. १२० सेंटीमीटर उंचीचा लाकडी खांब संधिप्रकाशात धावणाऱ्याला दिसत नाही. रोज उपटायचा म्हटलं तर खड्डा मोठा होत जातो आणि खांब डुलतो, खांबावर वळणाऱ्या खेळाडूचा हात सटकतो. तुम्ही खांबाच्या मापाची लोखंडी नळी जमिनीत पुरलीत, तळाला ओंजळभर खडी, म्हणजे पाणी साचून खांबाचं बूड कुजत नाही. खेळ संपला की खांब तंबूत आणि नळीवर झाकण. झाकण जमिनीच्या अर्धा इंच खाली बसवायचं, ही तुमची ताकीद. वर राहिलं तर ठेच, फार खाली गेलं तर माती भरते आणि दुसऱ्या दिवशी पळीनं उकरत बसा.

फक्कीबद्दल, म्हणजे रेषा आखायच्या पांढऱ्या पुडीबद्दल, थोडक्यात. कळीचा चुना बंद, खडूची पूड सुरू. कबड्डीपटू रेषेवर लोळतो, त्याच्या कोपरांना आणि डोळ्यांना चुना भाजतो. गवत जळतं ते वेगळंच.

वेळापत्रकाला तुम्ही सगळ्यात शेवटी हात घातलात आणि तेव्हा त्यात भांडण्यासारखं फार उरलंच नव्हतं. पहाटे पाचला स्टंप रोवून जागा अडवायची रीत मोडलीत. वेळ वहीत लिहिलेली, पण वीस मिनिटांत पाच खेळाडू हजर नसले तर जागा पुढच्याची. स्टंप हा खेळाडू धरायचा नाही. वही तंबूच्या खांबाला दोरीनं बांधलेली, पेनही बांधलेलं. पहिल्या महिन्यात दोनदा पेन गेलं, वही मात्र टिकली. सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींना कुंपणालगतचा तीन मीटरचा पट्टा. ते काही वहीत सही करणार नाहीत, हे तुम्ही आधीच ओळखलंत.

मंडपाच्या बाबतीत तर चारही संघ पहिल्यांदा एका बाजूला आले. कार्यक्रम झाला की बांबूचे खड्डे आणि गवतात खिळे. परवानगी देणं आपल्या हातात नाही, पण स्क्वेअरच्या दोरीच्या आत बांबू नको आणि खड्डे तिसऱ्या दिवशीच्या आत मुरमानं ठोकून भरलेले हवेत, हे अनामत रकमेच्या पावतीवर लिहून घ्यायचं तुम्ही सुचवलंत. जुन्या स्पीकरची लोहचुंबकं काठीला बांधून मैदानभर ओढायची युक्ती तुमचीच. पहिल्या फेरीत खिळ्यांनी डबा अर्धा भरला.

तुम्ही मोबदला घेतला नाहीत. रोलरच्या दांड्याला नवं बेअरिंग टाका म्हणालात. ते टाकलं आहे, आता दोघांत ओढला जातो.

एक अडचण राहिली आहे. पूर्वेकडची काढलेली विकेट आपण लाल माती आणि वाळू घालून बुजवली, वर हरळीच्या काड्या लावल्या. हरळी छान धरली, पण पावसानंतर ती जागा इंचभर खाली बसली आहे. थ्रो-इनला धावत येणारे तिथेच अडखळतात. हरळी न उचलता वरून चाळलेली माती टाकावी, की सोलून काढून खालून भरावं? मंगळवारी विकेट भिजवतोय, तेव्हा आलात तर दोन्ही पाहून होईल. चहा तंबूत.

आपले,
चारही संघांचे कार्यवाह