मठात जर्मन नव्हते

महोदय,

रविवारच्या पुरवणीत इटलीतल्या मॉन्टे कॅसिनोच्या फोटोखाली ‘जर्मनांनी किल्ला केलेला मठ’ अशी ओळ होती. ती चुकीची आहे. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोनशेहून जास्त अमेरिकी विमानांनी मठाचा चुराडा केला, तेव्हा आत धर्मगुरू आणि आसऱ्याला आलेले गावकरी होते. जर्मन मोर्चे बाहेर, डोंगरउतारावर होते. बॉम्बफेकीनंतर मात्र जर्मनांचे हवाई छत्रीधारी सैनिक ढिगाऱ्यात शिरले. लपायला ढिगाऱ्यासारखी जागा नाही, हे कुणीही शिपाईगडी सांगेल! बॉम्बफेकीची मागणी चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या ब्रिटिश कमांडरने केली होती, हेही आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही.

तिथला जर्मन कोअर कमांडर फ्रिडो फॉन सेंगर हा अजब माणूस. ऑक्सफर्डला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर शिकलेला, श्रद्धाळू कॅथलिक, बेनेडिक्ट संप्रदायाशी जोडलेला. आणि मठही त्याच संप्रदायाचा. १९४३च्या नाताळात तो तिथे प्रार्थनेला गेला, पण खिडकीबाहेर बघायचे त्याने टाळले. वरून समोरची फौज दिसली असती, म्हणजे तटस्थ जागेचा टेहळणीसाठी वापर झाला असता. त्याआधी सप्टेंबरात कोर्सिका बेटावर, पकडलेल्या इटालियन अधिकाऱ्यांना गोळ्या घाला हा हिटलरचा हुकूम त्याने पाळला नव्हता.

म्हणून त्याला संत ठरवायचे कारण नाही. नाझी त्याला आवडत नसत, पण रणगाडे त्यांचेच चालवले. डिसेंबर १९४२मध्ये स्टालिनग्राडचा वेढा फोडायला गेलेल्या सतराव्या पॅन्झर (रणगाडा) डिव्हिजनचा प्रमुख तोच. कॅसिनोची फळी त्याने इतकी चिवट धरली की दोस्त राष्ट्रांना चार हल्ले करावे लागले. गंमत म्हणजे ११ मे १९४४च्या रात्री शेवटचा हल्ला सुरू झाला तेव्हा हे साहेब जर्मनीत होते, पदक घ्यायला गेलेले! त्या वेळी कॅसिनोजवळची गारी नदी ओलांडणाऱ्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीचीही पलटण होती. तिच्यासमोरची फळी याच माणसाने बांधलेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

पुढे मे १९४५मध्ये इटलीतल्या जर्मन फौजांच्या वतीने अमेरिकी जनरल क्लार्कसमोर शरणागतीला हजर झाला तोही सेंगरच.

फोटोखालच्या ओळीची दुरुस्ती पुढच्या रविवारी, त्याच पानावर छापावी.

— एक निवृत्त सुभेदार, सातारा