पुण्याच्या ताईंना, आंबिलातल्या आरएनएच्या निमित्ताने

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. लातूर, परभणी, नांदेड, बीडकडच्या कॉलेजांतल्या मुलींनीही ते वाचावं अशी इच्छा आहे. आरएनएवर काम करायचं तर मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेतच जायला हवं, असं आमच्याकडे अजून धरून चालतात.

तुम्ही पुण्यातल्या संस्थेत आरएनएवर काम करता. मी पहिला मेल केला तेव्हा तुम्ही मला ओळखत नव्हता. प्रश्नही मोघमच होता. वेळा अमावस्येच्या सणाला ताकात ज्वारीचं पीठ आंबवून करतात त्या आंबिलातले जिवाणू ताकातल्या साखरेवरही जगतात आणि ज्वारीवरही. खाणं बदललं की त्यांच्या आरएनएवरच्या रासायनिक खुणा बदलतात का? त्याआधी एका ठिकाणी "आधी नेट-सेट काढ, मग बघू" एवढंच ऐकून परतले होते. तुमचं उत्तर त्याच रात्री आलं आणि त्यात नुसते प्रश्न होते. नमुना आंबील चुलीवर चढवण्याआधी घेणार की नंतर? ताक घरचं की डेअरीचं? पीठ किती वेळ भिजलेलं?

पहिला प्रश्नच कळीचा होता. उकळलेल्या आंबिलात हे जिवाणू जगत नाहीत. आईला सांगून मी आंबलेल्या पिठातलं वाटीभर चुलीवर जाण्याआधीच काढून ठेवलं. त्यातली एक कॉलनी, म्हणजे बशीत वाढलेला जिवाणूंचा ठिपका, लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम या लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूची निघाली. हे आज मी ठामपणे लिहू शकते, कारण जिवाणू ओळखायला नेहमी वाचतात त्या नुसत्या १६एस जनुकावर थांबू नकोस असं तुम्ही बजावलं होतं. प्लँटारम, पॅराप्लँटारम आणि पेंटोसस यांची १६एस जनुकं जवळजवळ सारखीच असतात. त्यांना वेगळं करायला रेकए जनुक पाहावं लागतं. आणि प्रोबायोटिक हा शब्द वापरायची घाई करू नकोस, हेही तुमचंच. २००१ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेनं केलेल्या व्याख्येत जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा प्रमाणात हवेत आणि त्यांचा आरोग्याला फायदा व्हायला हवा. या जातीचे काही वाण प्रोबायोटिक म्हणून वापरले जातात, म्हणून आमच्या पातेल्यातला आपोआप तसा ठरत नाही. गावाकडच्या प्रत्येक पदार्थाला औषध ठरवायची चढाओढ चाललेली असताना तुमचं हे बजावणं मला फार मोलाचं वाटलं.

पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही, पण पत्र इतरही वाचणार आहेत. आरएनएची ए, यू, जी, सी ही चार अक्षरं आपण बारावीत शिकतो. पेशी मात्र आरएनए तयार झाल्यावर या अक्षरांवर रासायनिक बदल करते. असे दीडशेहून अधिक बदल आज माहीत आहेत. त्यांतला पहिला, स्यूडोयुरिडीन, १९५१ साली सापडला. हाच बदल आरएनएत असला की शरीराची दाहाची प्रतिक्रिया कमी होते, हे कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं आणि २०२३ चं नोबेल त्यांना मिळालं. जिवाणूत सर्वांत दाट खुणा असतात त्या टीआरएनएवर, म्हणजे प्रथिनं बांधताना अमिनो आम्लं आणून देणाऱ्या छोट्या रेणूंवर. त्यांतल्या ३४ व्या जागेवरची खूण अमिनो आम्लासाठीचा कोणता तीन अक्षरी संकेत किती सहज वाचला जाईल हे ठरवायला मदत करते.

आता खाण्याचा संबंध. अनेक खुणांसाठी लागणारा मिथाइल गट मिथिओनीनपासून बनलेल्या एसएएम या रेणूकडून येतो, आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू बरीच अमिनो आम्लं स्वतः बनवू शकत नाहीत, अन्नातूनच घेतात. शिवाय क्यूइन नावाचा एक घटक आहे. तो काही टीआरएनएच्या ३४ व्या जागी बसतो. अनेक जिवाणू तो तयार करतात. माणसाला तो बनवता येत नाही, आहारातून आणि आतड्यातल्या जिवाणूंकडून मिळवावा लागतो. हे तुम्ही सांगितलंत त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं. खाणाऱ्याचं आणि पोटातल्या जिवाणूचं नातं इतक्या आतपर्यंत, टीआरएनएच्या एका अक्षरापर्यंत जातं!

प्रयोग तर तुम्ही मुळापासून नीट करून घेतलात. माझ्या मनात एका फ्लास्कमध्ये ज्वारीचं पीठ आणि एकात ताक घालायचं होतं. तुम्ही म्हणालात, पिठानं मीडियम, म्हणजे जिवाणू वाढवायचं द्रव खाद्य, गढूळ होईल, मग गढूळपणावरून वाढ मोजणार कशी? आणि साखरेबरोबर प्रथिनंही बदलली तर फरक कशामुळे पडला हे कोण सांगणार? म्हणून या जिवाणूंसाठी नेहमी वापरतात त्या एमआरएस मीडियमचा बाकी सगळा मसाला तोच ठेवून फक्त साखर बदलायची ठरलं. एकात ग्लुकोज, एकात ताकातली लॅक्टोज, एकात ज्वारीचा स्टार्च फुटून मिळते ती माल्टोज. पेशी काढायच्या त्या घड्याळ बघून नव्हे, तर वाढीची तीच अवस्था गाठल्यावर. साखर बदलली की वाढीचा वेग बदलतो, आणि आरएनएवरच्या खुणा वाढीच्या अवस्थेप्रमाणेही बदलतात. एकाच तासाला काढलेल्या पेशींची तुलना फसवी ठरते. एवढ्या एका सूचनेनं माझं वर्ष वाचलं.

लिथियम क्लोराइडचंही तसंच. आरएनए स्वच्छ करायला सगळे तेच सुचवत होते. तुम्ही आधीच सावध केलंत की त्यानं मोठे आरएनए खाली बसतात, टीआरएनए मात्र बराचसा वरच्या पाण्यातच राहतो, आणि आपल्याला तर तोच हवाय.

आमच्याकडे उणे ऐंशीचा फ्रीजर नाही. लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. याची लाज वाटून मी ते सांगत नव्हते, पण तुम्ही स्वतःहून विचारलंत आणि आरएनए इथेनॉलखाली साध्या डीप फ्रीजरमध्ये ठेवायला शिकवलंत. मग थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून नळ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवायच्या ठरल्या. पहाटे गाडी पुण्यात पोचायची आणि तुम्ही स्कूटीवर जाऊन ड्रायव्हरकडून डबा घ्यायच्या. हे काम दुसऱ्या कुणावर सोपवता आलं असतं. तुम्ही सोपवलं नाहीत.

आणि तो व्हिडिओ कॉल. आरएनएचे न्यूक्लिओसाइड, म्हणजे त्याची एकेक अक्षरं, सुटे करून मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात सोडले होते, तुम्ही कॅमेरा स्क्रीनकडे वळवलात. २४४ वजनाची दोन शिखरं होती. एक लवकर आलेलं, ठेंगणं. दुसरं मागाहून, उंच. पहिलं स्यूडोयुरिडीन, दुसरं साधं युरिडीन. वजन अगदी सारखं, म्हणून नुसत्या वजनावरून ते ओळखता येत नाही. वजन मोजण्याआधी रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून, कॉलममधून, ते आधी बाहेर पडतं, म्हणून दिसतं. आईच्या पातेल्यातल्या जिवाणूची खूण मी लातूर जिल्ह्यात बसून मोबाईलवर पाहत होते. तेव्हा मी विचारलं होतं, नेहमीच्या पद्धतीनं आरएनएचा सीडीएनए, म्हणजे डीएनएतली नक्कल, करून अक्षरांचा क्रम वाचला तर काय बिघडलं असतं? तुम्ही म्हणालात, "सातबाऱ्याची झेरॉक्स काढली की तलाठ्याचा निळा शिक्का काळाच दिसतो ना? अक्षरं येतात, शाई येत नाही." वर्गात हे समजावताना मी आता हेच उदाहरण देते, आणि ते ताईंचं आहे असं सांगूनच देते.

तिन्ही साखरांवरच्या खुणांत फरक आहे का, हे ठरवायला आणखी वाढी लागतील. पहिल्या आकड्यांवरून मी उड्या मारू लागले तेव्हा "स्वतंत्र वाढी पुन्हा कर, मग बोलू" म्हणालात. त्या सुरू आहेत. तुमच्या हाताखाली शिकल्यासारखंच शिकले मी, तुमच्या संस्थेच्या हजेरीपटावर नाव नसताना. तुम्ही वेळ दिलात, तुमच्या मशीनचा वेळ दिलात, आणि नाव कुठे घालू विचारलं तर "आधी डेटा येऊ दे" म्हणालात. पेपर होईल तेव्हा तुमचं नाव असेल, यावर मात्र मी ऐकणार नाही.

माल्टोजच्या नव्या नळ्या सोमवारच्या गाडीनं निघतील. झाकणावर पेन्सिलीनं नंबर घातलेत, इथेनॉलनं शाई पुसते म्हणून. या वेळी डब्यात आईनं दिलेली ज्वारीही आहे, मालदांडी, घरच्या शेतातली. ती प्रयोगासाठी नाही, भाकरीसाठी आहे.

तुमची कृतज्ञ,
लातूर जिल्ह्यातली तुमची विद्यार्थिनी