‘आता पितो का?’ एवढंच विचारू नका, घरातल्यांचंही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दारूच्या व्यसनावर बरंच छापून येतं, लिव्हरचं काय होतं, अपघात कसे होतात, उपचार काय असतात, आणि ते यायलाच हवं, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण त्यात सगळं लक्ष पिणाऱ्यावर असतं. त्याची बायको (किंवा नवरा, कारण पिणारी आईही असते आणि तिच्याबद्दल तर कुणी तोंडच उघडत नाही), पोरं, म्हातारे आईवडील यांचं ‘कुटुंब उद्ध्वस्त झालं’ एवढ्या एका वाक्यात आटपतं. मला त्यांच्याबद्दल लिहायचंय. मी स्वतः अशाच घरात वाढले आणि आता बरीच वर्षं अशा घरातल्या लोकांसोबत बसते, त्यांचं ऐकते, त्यामुळे जे लिहितेय ते जवळून बघितलेलं आहे.

माझं म्हणणं एवढंच, की पिणारा सुधारेल आणि मग घर आपोआप सावरेल अशी वाट बघत बसू नका. घरातल्यांना मदत आज लागते, त्याची दारू सुटो नाहीतर न सुटो.

नातेवाईकांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘आता कसा आहे, पितो का अजून?’ हो म्हटलं तर उसासा, नाही म्हटलं तर ‘चला, बरं झालं’ आणि फोन ठेवला. ज्या बाईने फोन उचलला तिला झोप लागते का, ती शेवटची मनमोकळी कुणाशी बोलली, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. पोरांना तर लोक रस्त्यात गाठून विचारतात, काल परत घेऊन आले होते का रे म्हणून. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाने बापाचा रिपोर्ट द्यायचा. तो खोटं बोलायला शिकतो तो इथेच, आणि मग आपणच म्हणतो मुलगा खोटारडा झालाय.

अशा घरातलं मूल संध्याकाळी काय करत असतं ते जरा नीट सांगते. ते कानाने जगत असतं. किल्ली पहिल्या झटक्यात कुलपात गेली तर आजचा दिवस बरा. दोनतीनदा खरडली, की पुस्तक मिटायचं, धाकट्या बहिणीला आतल्या खोलीत न्यायचं, आणि टीव्ही चालू ठेवायचा की बंद हे पटकन ठरवायचं, कारण चालू असला तर ‘अभ्यास नाही का तुम्हाला’ आणि बंद असला तर ‘मी आल्यावर सगळ्यांची तोंडं का बंद होतात’. बूट कसे काढले जातायत, भिंतीला हात लागतोय का, पहिलं वाक्य कुठल्या आवाजात येतंय, हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात मोजून होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचं लक्ष नसतं आणि वहीत शेरा येतो, मुलगा हुशार आहे पण मन लावत नाही. मन लावून लावून ते पोर रात्रीच दमलेलं असतं हो.

आणि एक प्रकार असतो समजूतदार मुलाचा. तो कधी काही मागत नाही, आईला सांभाळतो, धाकट्यांचं बघतो, बापाने ओकलेलं पुसतो, मार्कही चांगले आणतो. सगळे त्याचं तोंडभरून कौतुक करतात, ‘किती समजूतदार, आता तूच घरातला मोठा’. कृपा करून हे बोलू नका. तो मोठा नाहीये, त्याला मोठं व्हावं लागलंय, आणि ह्या कौतुकाने त्याला लहान व्हायची जी थोडीफार सोय उरलेली असते तीही जाते. दंगा करणाऱ्या मुलाला निदान कुणीतरी काउन्सेलरकडे तरी नेतं, समजूतदार मुलाकडे कुणी बघतच नाही कारण त्याच्यामुळे कुणाला त्रास नसतो.

दारू सुटली की सगळं सुटलं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए), म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचे गट, यांची सुरुवात अमेरिकेत अॅक्रनला 1935 मध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी केली हे बऱ्याच जणांना माहीत असतं. बिलची बायको लोइस हिने नवऱ्याची दारू सुटावी म्हणून कितीतरी वर्षं जिवाचं रान केलं होतं. तो एकदाचा सुटला, मीटिंगांना जायला लागला, आणि एक दिवस मीटिंगला चल म्हणाल्यावर तिने बूट उचलून फेकून मारला. नवरा शुद्धीवर, घर शांत, आणि ही रागाने थरथरतेय. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्यालाही बरं व्हायचंय, आणि ते काम नवऱ्याच्या बरं होण्याने होणार नाहीये. पुढे 1951 मध्ये तिने एका मैत्रिणीबरोबर घरच्या लोकांसाठी अल-अॅनॉन सुरू केलं, आणि 1957 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मुलामुळे, ज्याचे वडील एए मध्ये आणि आई अल-अॅनॉनमध्ये जायची, किशोरवयीन मुलांचे अॅलटीन गट सुरू झाले. ह्या मीटिंगांना पैसे पडत नाहीत, पूर्ण नाव सांगावं लागत नाही, आणि पिणाऱ्याने तिथे यायची किंवा त्याला हे कळायचीही गरज नसते. तिथे जे तीन मुद्दे सांगतात, की हे माझ्यामुळे झालं नाही, माझ्या हातात त्याचा कंट्रोल नाही आणि मी ते बरं करू शकत नाही, ते मुलांना तर पाठ करून द्यावेत इतके महत्त्वाचे आहेत. कारण मुलाला मनातून खात्री असते की मी नापास झालो म्हणून बाबा पितात, मी उलट बोलले म्हणून आई पिते.

आता ‘कंट्रोल नाही’ म्हणजे हात बांधून बसायचं असं कुणी समजू नये. रॉबर्ट मेयर्स यांनी क्राफ्ट नावाची एक पद्धत तयार केली, त्यात घरच्या माणसाला शिकवतात की पिणारा न पिता असेल तेव्हा त्याच्याशी चांगलं वागा, बोला, सोबत वेळ घालवा, आणि पिऊन आला की शांतपणे बाजूला व्हा, भांडू नका, त्याने केलेला पसारा तुम्ही निस्तरू नका, आणि उपचाराचा विषय नेमका कधी काढायचा तेही शिकवतात. 1999 मध्ये ह्यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार घ्यायला अजिबात तयार नसलेल्या पिणाऱ्यांपैकी क्राफ्टने 64 टक्के लोक उपचाराला आले, सगळ्यांनी मिळून समोर बसवून सुनावायची जी पद्धत आहे त्यात 30 टक्के, आणि अल-अॅनॉनच्या वाटेने 13 टक्के (अर्थात अल-अॅनॉनचा तो उद्देशच नाही). मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो, तिन्ही गटांतल्या घरच्या माणसांची स्वतःची तब्येत, मनःस्थिती, नातं हे जवळपास सारखंच सुधारलं. तो उपचाराला आला की नाही ते अलाहिदा, मदत मिळाली की घरचा माणूस सावरतो.

मुलांचंही तसंच. हवाईमधल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं मागोवा घेतला. त्यात 49 मुलं व्यसनी आईबापांची होती, आणि त्यातली 59 टक्के अठराव्या वर्षापर्यंत कुठल्याही गंभीर अडचणीशिवाय पोचली. वर्नर यांना जी मुलं अशा परिस्थितीतूनही तरलेली दिसली त्यांच्या आयुष्यात कुणी ना कुणी आधाराचं मोठं माणूस होतं, आजीआजोबा, शिक्षक, शेजारी. हे वाचल्यावर मी खूप वेळ गप्प बसले होते, कारण माझ्याही आयुष्यात अशी एक शेजारीण होती जी मला कधीच वडिलांबद्दल विचारायची नाही, फक्त म्हणायची ये बस, आणि मी तिथे बसून गृहपाठ करायचे. दार वाजवलं की उघडेल अशी एक जागा मुलाला ठाऊक असणं ही लहान गोष्ट नाही. तुम्ही काका असाल, मावशी असाल, क्लासचे सर असाल, तर त्या मुलाला एकदा स्पष्ट सांगा की रात्री कितीही वाजता फोन कर, पिऊन गाडी चालवणार असतील तर त्यांच्यासोबत बसू नकोस, मला बोलाव. आणि बोललात तर मग या, नाहीतर बोलूच नका, न पाळलेल्या शब्दांचा त्या मुलाला आधीच खूप अनुभव असतो.

चांगल्या मनाने लोक काही गोष्टी करतात ज्या मला आता सांगितल्याच पाहिजेत. एक म्हणजे मुलांची शपथ घ्यायला लावणं. बैठक बसते, सगळे रडतात, आणि त्या माणसाला म्हणतात घे पोरीची शपथ. तो त्या क्षणी अगदी खरेपणाने घेतो. चार दिवसांनी मोडते. मोठे म्हणतात वाटलंच होतं, पण त्या मुलीच्या डोक्यात काय चालतं, की बाबांना माझ्यापेक्षा दारू मोठी, किंवा आता मला काहीतरी होणार. हा आजार आहे, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तर 1956 मध्येच तसं मानलं, मग आजाराला लेकराची शपथ कशाला?

दुसरं, रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून ‘आजपासून बंद’ करणं. ह्यात जीव जाऊ शकतो. शेवटच्या पेगनंतर काही तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात, 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते आणि साधारण दोनतीन दिवसांनी भ्रम, भास, ताप असा डिलिरियमचा झटका येऊ शकतो. घरचे म्हणतात नाटकं करतोय. अशा माणसाची दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच थांबवायची, औषधं असतात, थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) द्यावं लागतं. आणि तिसरं, त्याला न सांगता खाण्यापिण्यातून गोळी देणं. ती गोळी बहुतेकदा डायसल्फिरम असते, डेन्मार्कमध्ये 1940 च्या दशकात तिचा हा उपयोग सापडला, आणि त्यावर दारू घेतली की छातीत धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली, हृदयाचा त्रास असेल तर फारच धोका. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. ही गोळी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने द्यायची असते. बाई बिचारी हे कुणाच्या तरी सांगण्यावरून करते आणि उद्या काही झालं तर सगळं खापर तिच्याच डोक्यावर.

मदत म्हणून पैसे द्यायचे तर ते पिणाऱ्याच्या हातात न देता फी असेल तर फी, भाडं असेल तर भाडं, थेट भरा. त्याच्या ऑफिसात ‘ताप आलाय’ म्हणून फोन करायला बायकोला लावू नका. आणि जिथे मारहाण आहे तिथे समजुतीच्या गोष्टी सांगायच्याच नाहीत, तिथे आधी तिला आणि मुलांना सुरक्षित जागी न्यायचं, कागदपत्रं, थोडे पैसे, जास्तीची किल्ली असं कुठेतरी बाहेर ठेवायला मदत करायची, पोलिसांना कळवायचं. ‘संसार आहे, सांभाळून घे’ हे वाक्य ज्यांना तिथे रहायचं नाहीये ते फार सहज बोलतात.

दारू सुटल्यानंतरचा काळही अवघड असतो. इतकी वर्षं ज्या मुलाने घर चालवलं त्याला एकदम हा माणूस विचारतो कुठे होतास इतका वेळ. बायकोला त्याच्या चांगुलपणावर विश्वास ठेवायची भीती वाटते, कारण परत घसरणं ह्या आजारात नेहमीचं आहे. तेव्हा नातेवाईक म्हणतात, आता तर सुटली ना, आता कसलं टेन्शन? लोइसचा तो बूट आठवा.

संपादक साहेब, माझी विनंती अशी आहे की व्यसनावर जेव्हा जेव्हा काही छापाल तेव्हा पिणाऱ्यासाठीच्या माहितीसोबत घरच्यांसाठीच्या मीटिंगा कुठे, कधी होतात, मुलांसाठी कुणाशी बोलता येतं, ही माहिती एका चौकटीत द्या. बाई पेपर वाचताना ती चौकट कापून ठेवू शकते, कुणाला न विचारता. आणि शक्य झालं तर अशा घरांत वाढलेल्या मोठ्या माणसांना नाव न छापता लिहायला बोलवा. मी पहिली लिहून पाठवीन.

आपली,
एक वाचक