मोटारीच्या पेटीवरचा पुठ्ठा

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा नुसतं "बरं" म्हणतात आणि आईचा आवाज ओला होतो, म्हणून लिहितेय. सॉफ्टवेअर तपासायची, टेस्टिंगची नोकरी मी सोडली. राजीनामा देऊन झालाय, रागावू नका. एक तारखेपासून टेक्निकल रायटर म्हणून रुजू होतेय, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सोप्या भाषेत लिहून द्यायचं काम, पुण्यातच. खोली तीच, डबाही त्याच काकूंचा.

इंजिनिअरिंगचे पैसे वाया गेले असं मनात आणू नका. सॉफ्टवेअर आतून कसं चालतं हे कळल्याशिवाय ते वापरायचं कसं, हे लिहिता येत नाही. आठ महिने रात्री बसून तयारी केली. गूगलचा टेक्निकल रायटिंगचा फुकटचा कोर्स केला, मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) आणि गिट (फायलींमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) शिकले. एका ओपन सोर्स, म्हणजे कुणीही बघून सुधारणा सुचवू शकेल अशा सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनच्या पानावर मधली एक पायरीच राहिली होती. ती लिहून पाठवली, त्यांनी घेतली. मुलाखतीत तेच पान दाखवलं. पगार सुरुवातीला थोडा कमी आहे, पण घरी पाठवते ते तेवढंच येईल.

बाबा, विहिरीवरच्या पेटीला तुम्ही बांधलेला पुठ्ठा आठवतो? "आधी पंपात पाणी भर. हवा जाऊ दे. मग हिरवं बटण." तुम्ही तापानं पडला होतात आणि अकरा वर्षांच्या मी तो वाचून मोटार चालू केली होती. पाटात पाणी आलं तशी धावत येऊन तुमच्या पांघरुणात शिरले होते. तसं लिहायला मिळावं, एवढंच मला हवंय.

आई, बीपीच्या मशीनचा कागद सोबत आहे, फ्रिजवर चिकटव. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं. पाय जमिनीवर. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर, हात छातीच्या उंचीला टेबलावर. मोजताना बोलायचं नाही. आकडा तारखेसकट वहीत लिही. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. बाबा, तुम्ही लक्ष ठेवा.

कुठे अडलीस तर लगेच सांग गं. तिथे माझं लिहिणं चुकलंय असं समज, मी पुन्हा लिहून पाठवीन.

तुमची,
माऊ