घुसखोरीचे भांडण पक्षांच्या पोटात आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घुसखोरीच्या प्रश्नावर आपल्या दैनिकात येणाऱ्या बातम्या आणि त्यावरची वाचकपत्रे मी नेमाने वाचतो. बहुतेकांची मांडणी ठरलेली असते. एक म्हणतो, भाजप घुसखोरांना हाकलायला निघालाय आणि काँग्रेस मतांसाठी त्यांना पाठीशी घालते. दुसरा म्हणतो, भाजप धर्म बघून माणसे वेगळी काढतोय आणि विरोधक राज्यघटनेसाठी भांडताहेत. बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी आसामात सिलचरला काढली. त्यामुळे या दोन्ही मांडण्या वाचताना मला गंमत वाटते. तिथे या प्रश्नावर प्रत्येक पक्ष आतून उभा फाटलेला आहे आणि ती चीर झाकायला गुवाहाटीत एक भाषण होते, सिलचरला दुसरे आणि दिल्लीत तिसरेच.

मूळ करार सगळ्यांना ठाऊक आहे. १९७९ साली आसामातल्या मंगलदोईच्या लोकसभा पोटनिवडणुकीत मतदारयाद्यांतल्या परकीयांच्या नावांवरून आंदोलन पेटले. ते सहा वर्षे चालले आणि १५ ऑगस्ट १९८५ ला राजीव गांधींच्या काळात आसाम करार झाला. २४ मार्च १९७१ नंतर जो आला तो परकीय, मग तो हिंदू असो वा मुसलमान, असे त्यात ठरले. पण त्याच्या दोनच वर्षे आधी, १९८३ मध्ये, इंदिरा गांधींच्या सरकारने आसामपुरता एक कायदा केला होता. एखादा माणूस परकीय आहे हे सिद्ध करण्याचे ओझे त्या कायद्याने त्या माणसावर न टाकता तक्रार करणाऱ्यावर टाकले. परिणामी फारसे कोणी सापडलेच नाही. 'आसू' या विद्यार्थी संघटनेचे माजी अध्यक्ष सर्बानंद सोनोवाल त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २००५ मध्ये तो कायदा रद्द झाला. सोनोवाल रातोरात आसामी माणसाचे नायक झाले.

पुढे हेच सोनोवाल आसाम गण परिषद हा तिथला प्रादेशिक पक्ष सोडून भाजपमध्ये आले आणि २०१६ ला मुख्यमंत्री झाले. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्राने नागरिकत्व दुरुस्ती कायदा केला. तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या बिगरमुस्लिमांसाठी तो होता. म्हणजे कराराची १९७१ ची रेघ काही लोकांपुरती त्रेचाळीस वर्षे पुढे सरकली. गुवाहाटी पेटली, संचारबंदी लागली, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. रस्त्यावर होती ती 'आसू', आणि खुर्चीवर तिचाच माजी अध्यक्ष! याला भाजप विरुद्ध काँग्रेस म्हणायचे तरी कसे?

मित्रपक्ष आसाम गण परिषदेचे तळ्यात-मळ्यात तर बघण्यासारखे होते. याच कायद्याच्या विधेयकावरून जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी सरकार सोडले. मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक दिसू लागताच परत आले. डिसेंबरमध्ये राज्यसभेत विधेयकाच्या बाजूने मत दिले आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर सर्वोच्च न्यायालयात जाण्याची भाषा सुरू केली. एका वर्षात चार भूमिका!

हे फक्त संधिसाधूपणाने होते असे मी म्हणणार नाही. भूगोलही तसाच आहे. ब्रह्मपुत्रा खोऱ्यातल्या आसामी माणसाला बांगलाभाषक हिंदू असो की मुसलमान, दोघांचीही धास्ती. भाषा आणि जमीन जाईल ही त्याची भीती. दक्षिणेकडच्या बराक खोऱ्यात, म्हणजे सिलचरच्या भागात, बांगलाभाषकच जास्त, आणि फाळणीत सिल्हेटहून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, आलेली असंख्य हिंदू कुटुंबे तिथे राहतात. मे २०१८ मध्ये संसदेची संयुक्त समिती आली तेव्हा गुवाहाटीत विधेयकाला कडाडून विरोध झाला आणि सिलचरला जोरदार पाठिंबा. तो पाठिंबा एका पक्षाचा नव्हता. काँग्रेसचे बराकमधले नेते आणि गुवाहाटीतले नेते यांचे सूर तेव्हाही जुळत नव्हते.

२०१५ साली नागरिक नोंदणीचे, म्हणजे एनआरसीचे, अर्ज भरले जात होते तेव्हा मी तिथे होतो. आपण किंवा आपले पूर्वज १९७१ च्या रेघेआधीपासून इथले आहोत हे त्यात दाखवावे लागे, आणि १९७१ पूर्वीचे बँक खातेही पुरावा म्हणून चालत असे. मग काय, शाखेत रांगा. जो तो म्हणे, आजोबांचे खाते तुमच्याकडे होते, जुने लेजर काढा. अर्ध्या लेजरांना वाळवी लागलेली, काही पुरात भिजून पानाला पान चिकटलेले. शिपाई पट्टीने एकेक पान सोडवायचा आणि काउंटरपलीकडची माणसे श्वास रोखून बघत राहायची. सगळ्यात वाईट अवस्था खेड्यातल्या बायकांची. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही, लग्न होऊन गाव बदललेले. वडिलांशी नाते दाखवायला हातात फक्त पंचायत सचिवाचा दाखला. तोही पुढे उच्च न्यायालयाने बाद केला आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ग्राह्य धरला, तोवर या बायका टांगलेल्याच. एक म्हातारे बाबू रोज यायचे. भाजपचे जुने कार्यकर्ते, घराणे सिल्हेटचे. मी म्हटले, तुम्हाला कसली काळजी, दिल्लीत तुमचेच सरकार आहे. ते म्हणाले, "दिल्लीतला पक्ष आमचा आहे साहेब, गुवाहाटीतल्या पक्षाचं सांगता येत नाही."

३१ ऑगस्ट २०१९ ला अंतिम यादी आली. १९ लाख ६ हजार ६५७ माणसे बाहेर. ज्या भाजपने यादीचा सर्वाधिक गाजावाजा केला, त्याच्याच राज्य शाखेने ती नाकारली, कारण बाहेर राहिलेल्यांत बंगाली हिंदू मोठ्या संख्येने होते. फेरतपासणीची मागणी झाली. नाव का वगळले याची चिठ्ठी हातात पडल्याशिवाय लवादाकडे अपील करता येत नाही, आणि त्या चिठ्ठ्या काही वाटल्या गेल्या नाहीत. यात कोणाला घाई नाही, हे मला सर्वात जास्त खटकते.

काँग्रेसचे वेगळे नाही. जुलै २००४ मध्ये गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी संसदेत सांगितले की देशात सुमारे १ कोटी २० लाख बेकायदा बांगलादेशी आहेत, त्यांतले ५० लाख आसामात. तरुण गोगोईंचे काँग्रेस सरकार खवळले आणि काही दिवसांत मंत्रिमहोदयांनी आकडा ऐकीव माहितीचा म्हणून मागे घेतला. त्याआधी सात महिने, डिसेंबर २००३ मध्ये, राज्यसभेत विरोधी पक्षनेते मनमोहन सिंग बांगलादेशातल्या छळ झालेल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देताना उदार व्हा, असे अडवाणींना सांगत होते. आणि ममता बॅनर्जी? ऑगस्ट २००५ मध्ये बंगालच्या मतदारयाद्यांतल्या घुसखोरांवर बोलू देत नाहीत म्हणून त्यांनी लोकसभेत उपाध्यक्षांच्या आसनाकडे कागद भिरकावले होते. तेव्हा राज्यात डावे होते. आज एनआरसीला त्यांच्याइतका विरोध क्वचितच कोणी केला असेल.

आपल्याकडे तरी काय वेगळे घडले? शिवसेनेने डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत विधेयकाला मत दिले आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला, कारण मुंबईत काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबरचे नवे सरकार सांभाळायचे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे म्हणाले, या कायद्याला घाबरायचे कारण नाही. सरकारातले दोन्ही भागीदार मात्र विरोधात. आणि २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलले गेले, ते भारतीय निघाले आणि त्यांना परत आणावे लागले. भारतीय माणसाला देशाबाहेर घालवले जाते, ही चूक कोणत्याही पक्षाच्या भूमिकेत बसत नाही. पण त्यावर आपल्या पक्षांत किती चर्चा झाली? बाहेरची मते दुखावतील म्हणून सगळ्यांनीच तोंड बंद ठेवले, अशी माझी समजूत आहे.

म्हणून आपल्याला विनंती. येत्या निवडणुकीत पक्षांच्या प्रवक्त्यांना समोरासमोर बसवून एकमेकांवर ओरडायला लावू नका. प्रत्येक पक्षाच्या दिल्लीतल्या आणि राज्यातल्या नेतृत्वाला तेच प्रश्न वेगवेगळे पाठवा आणि उत्तरे शेजारी शेजारी छापा. परकीय ठरवण्याची तुमची तारीख कोणती, आणि ती हिंदूला आणि मुसलमानाला एकच की दोन? बांगलादेशाने परत घ्यायला नकार दिला, तर परकीय ठरलेल्या माणसाचे तुम्ही काय करणार? पकडलेला माणूस भारतीय निघाला तर जबाबदार कोण? गोलमोल उत्तर आले तर तेही छापा, कोऱ्या जागेसकट.

पत्र लांबले याची कल्पना आहे. काटछाट करावी लागली तर आसामचा इतिहास खुशाल छाटा, महाराष्ट्राचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली